मागच्या रांगेतली झील

माझ्या नातीच्या गाण्यातले शब्द माझ्या नवऱ्याचे नाहीत, माझे आहेत. हे आधीच सांगून टाकते. एकदा हे सांगायला मी उशीर केला आणि मग भरल्या सभागृहात मला गप्प उभं राहून ते सांगावं लागलं.

आमचं गाव शेळगाव, तालुका इंदापूर. माझे मालक शाहीर होते. त्यांचं नाव इथं घालत नाही. चाळीस वर्षं प्रत्येक गाण्याच्या शेवटी घातलं, तेवढं पुरे झालं. त्यांची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, डफ आणि मागच्या रांगेत दोघी. त्यातली एक त्यांची बहीण. ती लग्न होऊन सुप्याला गेली, मग मागची रांग म्हणजे मी एकटी. माझं काम झील धरायचं. शाहिरानं पुढं उभं राहून कडवं म्हणायचं, कडव्याची शेवटची ओळ मागच्यांनी उचलायची आणि दोन-तीनदा घोळवायची. तेवढ्यात शाहीर पाणी पितो, कपाळ पुसतो आणि लोकांकडं बघून हसतो. शाहिराला दम लागू नये म्हणून ठेवलेलं माणूस म्हणजे झीलकरी.

आमच्या आधीच्या पिढीनं दीक्षा घेतली आणि जुन्या देवांची गाणी एका दिवसात सोडली. मग म्हणायचं काय? लग्नात काय गायचं, मयतीनंतर काय गायचं, बारशाला काय? नवी गाणी लागली. ती रचायचं काम माझ्या सासऱ्यांनी घेतलं, त्यांच्या मागं मालकांनी. त्या गाण्यांनी आमची पोरं शाळेत गेली, माणसं मान वर करून चालायला लागली, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्या गाण्यांची चेष्टा मी करणार नाही. माणसाची करीन.

मालकांच्या एकूण एक गाण्यात पहाट असायची. शिक्षणाची पहाट, ज्ञानाची पहाट, नव्या युगाची पहाट. लग्नाचं गाणं असलं तरी नवरीच्या आयुष्यात पहाट व्हायची. खऱ्या पहाटेची आणि त्यांची मात्र कधी भेट झाली नाही. आठ वाजता उठायचे आणि अंथरुणातूनच "चहा" म्हणायचे. पहाट मी बघायचे, रोज, शेणाच्या पाटीसकट. एकदा मी म्हणाले, "आवं, एका गाण्यात दुपार घाला की." तर चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चार दिवस बरे गेले.

ते जाऊन नऊ वर्षं झाली. पार्टी त्यांच्याआधीच मोडली होती. ढोलकीवाला गेला, पेटीवाल्याच्या मुलानं पेटी माळ्यावर टाकली. गाण्यांची वही म्हणून एक होती, खाकी पुठ्ठ्याची. ती मालकांनी कळसच्या एका शाहिराला बघायला दिली आणि ती तिकडेच राहिली. मागायला गेलं की तो म्हणायचा, "माझ्याकडं न्हाय." एक कॅसेट तेवढी उरली. इंदापूरच्या एका लग्नात कुणीतरी भरून घेतली होती. तिच्यात सुरुवातीला ढोलकी झकास येते, पहिल्या दोन ओळी येतात आणि तिथून पुढं "वराकडील मंडळींनी जेवायला बसून घ्यावे" हेच शेवटपर्यंत ऐकू येतं.

मागल्या वर्षी माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, मोतीबिंदूचं. मुलगा बारामतीला बँकेत आहे, त्याच्या फ्लॅटवर मला दीड महिना राहावं लागलं. दिवसातून चार वेळा डोळ्यात थेंब, डोळ्यावर काळा चष्मा, वाकायचं नाही, चुलीपुढं जायचं नाही, डोक्यावरून पाणी घ्यायचं नाही. म्हणजे करायचं काय, तर बसायचं. मला बसायची सवय नाही. चौथ्या दिवशी मी भिंतीवरच्या पाली मोजत होते.

मुलाची मुलगी इंजिनिअरिंगला शेवटच्या वर्षाला होती. ती रॅप करते. मी काळा चष्मा लावून खुर्चीत बसलेली तिनं बघितली आणि टाळ्या वाजवत नाचली.

"आज्जी, तू तर रॅपरच दिसतीस!"

"म्हंजे काय करायचं असतं?"

"तालात बोलायचं. मनात असेल ते. कुणाला घाबरायचं नाही, कुणाचं ठेवून घ्यायचं नाही. समोरच्याला तोंडावर सुनवायचं."

"मग आमच्या नळावर बाया काय करत्यात?"

तिला ते फार आवडलं. तिनं ते लगेच फोनमध्ये लिहून घेतलं. तिच्या पिढीला सगळं लिहून घ्यावं लागतं, कारण राहत काही नाही.

मग तिनं मला म्हणून दाखवलं. ढगळ पँट, एका पायात माझी नऊवारी मावेल एवढी, आणि हात असे खालीवर करत होती की मला वाटलं घरात कोंबडी शिरली. पण ताल पक्का होता. एवढं मला कळतं. चाळीस वर्षं दुसऱ्याच्या मागं उभं राहून माणसाला दुसरं काही नाही तरी ताल कळायला लागतो. कुठं श्वास घ्यायचा, कुठं सोडायचा, कुठं ओळ मुद्दाम मागं ओढायची, हे तिला कुणी न शिकवता येत होतं. म्हातारा तिच्यात उतरला होता, फक्त उठायला त्याच्याहून उशीर करत होता.

तिच्या मनात एक गाणं होतं. आजोबांचं गाणं आणि तिचं रॅप एकत्र करायचं. कॅसेटमधली ढोलकी तिनं काढून घेतली होती, चार मात्रांचा एक तुकडा, आणि तो कॉम्प्युटरवर गोल गोल फिरवत होती. दिवसभर तेच. ढोलकीवाला जिवंत असताना जेवायच्या वेळेला ढोलकी खाली ठेवायचा. मेल्यावर हिनं त्याला तेवढीही सुट्टी दिली नाही. मालकांच्या आवाजातल्या दोन ओळीही तिनं साफ करून घेतल्या होत्या:

झाली पहाट, झाली पहाट,
सोड गड्या ती अंधारी वाट.

"आता पुढची कडवी तू म्हण," ती म्हणाली. "पूर्ण पार्टीतलं तूच एकटी उरलीयेस. तुझ्याशिवाय कुणाला येतंय?"

आवाज भरायची तिची जागा म्हणजे भिंतीतलं कपाट. त्यातले कपडे बाहेर काढून आत चारी बाजूंनी माझ्या गोधड्या खिळ्यांनी ठोकल्या होत्या, आवाज घुमू नये म्हणून. एक गोधडी शिवायला मला महिना लागतो, आणि हिनं तिला खिळे मारले. त्या कपाटात मला स्टुलावर बसवलं, कानाला मोठे कानटोप लावले, तोंडापुढं माईक. कानात ढोलकी सुरू झाली. मालक म्हणाले, सोड गड्या ती अंधारी वाट. मी ओळ उचलली, दोनदा घोळवली, चोख. आणि थांबले.

कारण पुढं कुणी नव्हतं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मला एकाही गाण्याचं कडवं येत नाही. चाळीस वर्षं! धृपदं सगळी येतात, शेवटच्या ओळी सगळ्या येतात, मधलं काहीच येत नाही. मालक कडवं म्हणत असायचे तेव्हा मी काय ऐकत होते थोडीच? काखेतलं पोर झोपलंय का, पेटीवाला पुढं कोणता सूर धरतोय, ज्यांच्या घरी कार्यक्रम आहे त्यांच्या बाया आमच्यासाठी भाकरी टाकतायत की नाही, हे बघत असायचे. शेवटचा शब्द कानावर पडला की तोंड आपोआप उघडायचं. मधल्या काळात मालक काय सांगत होते ते लोकांना माहीत, मला नाही.

"आज्जी? म्हण ना." कपाटाच्या दाराबाहेरून नात.

आता तिला काय सांगू? शाहिराची बायको आणि तिला नवऱ्याचं एक कडवं येत नाही? मला लाज वाटली. ढोलकी तर थांबत नव्हती. मग मी तोंड उघडलं आणि जे आलं ते म्हणाले.

पहाट कुणाची, पहाट कुणाची,
दळणा-पाण्याची, चूल फुंकायची.
हार तुमच्या गळ्यात, सुई माझ्या हातात,
माईक तुमच्या तोंडाशी, पोर माझ्या काखेत.

तिथंच थांबायचं, तर थांबता येईना. आणखी एक आलं.

पुढं उभे तुम्ही, मागं उभी मी,
शेवटच्या ओळीची धनीण मी.
बोलून तुम्ही दमता, पाणी पिता गार,
तेवढ्या वेळात मी पेलते भार.

मी बाहेर आले तेव्हा पोरीचं तोंड उघडं होतं.

"आज्जी, हे आजोबांनी लिहिलंय?"

"मग कुणी? मी लिव्हलंय व्हय?"

मी खोटं बोलले नाही, नुसतं विचारलं. आमच्याकडं असं विचारलं की त्याचा अर्थ 'नाही' होतो, हे मला ठाऊक होतं आणि तिलाही. चूक माझीच. एक तर लाज. आणि खरं सांगायचं तर मला बघायचं होतं, माझं बोलणं त्यांच्या नावावर खपतं का.

खपलं. असं खपलं की विचारू नका.

पोरीनं त्याच्यावर आपलं रॅप चढवलं, गाणं फोनवर सगळीकडं सोडलं आणि आठवड्याभरात घरात माणसं यायला लागली. माझा मुलगा डोळे पुसत म्हणाला, "आई, आबा किती पुढचे होते गं. त्या काळात बाईच्या बाजूनं लिहायचं!" मी त्याला आठवण करून देणार होते की त्याच्या आबांना घरात मीठ कुठं असतं हे शेवटपर्यंत माहीत नव्हतं. मी माहेरी गेले की ते आळणी जेवायचे. पण तो रडत होता. बँकेतला माणूस रडत असला की मध्ये बोलू नये.

मग पुण्याहून एक सर आले. कुठल्याशा कॉलेजात शिकवतात, शाहिरांवर पुस्तक करतायत. सोफ्यावर बसले, चहा घेतला, फोन टेबलावर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं.

"शाहिरांनी स्त्रीचं दुःख किती आतून टिपलंय! 'माईक तुमच्या तोंडाशी, पोर माझ्या काखेत'. परकायाप्रवेशच म्हणायचा."

"सर, ते शब्द..."

"हो, हो. तुमच्यामुळं टिकले. तुम्ही जपलेत."

"जपलं न्हाय वो, ते तर मी..."

"आजी, तुम्ही फक्त आठवणी सांगा. अर्थ आम्ही लावू."

मी आठवणी सांगितल्या. शाहिरांना वांग्याची भाजी चालायची नाही, असं सांगितलं. तेही त्यांनी लिहून घेतलं. पुस्तकात येईल.

पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी दोन दिवस गावी जाऊन यायला परवानगी दिली. शेळगावला आमच्या रानाच्या बांधाला बांध लागून एक बाई आहे, ढोबळी मिरची आणि टोमॅटो करते. जात वेगळी, देव वेगळे, पण पाण्याची पाळी एक. म्हणून पन्नास वर्षं भांडतो आहोत आणि म्हणून एकमेकींना पुरत्या ओळखतो. मी बांधावर सावलीत बसले होते, ती मिरच्या तोडत होती आणि कमरेला खोचलेल्या फोनवर माझी नात ओरडत होती. ती सरळ उभी राहिली.

"आगं, हे गाणं तुझ्या मालकाचं म्हनं."

"म्हनत्यात खरं."

"कुनाला शेंड्या लावती? हे तुझं भांडान हाय. 'पानी पिता गार'! हे तू त्येला ह्या बांधावर उभं राहून म्हनलीस तवा मी हितंच खुरपत हुते. त्येला आसलं कुठलं येतंय? त्येला आपली पहाट."

"मग काय करू?"

"सांग की पोरीला."

"आता कसं सांगू? सगळीकडं झालंय."

"मग मर तशीच," ती म्हणाली आणि परत मिरच्या तोडायला वाकली.

जिनं कधी शाळेचं तोंड बघितलं नाही तिनं दोन ओळींत ओळखलं. पुस्तक लिहिणाऱ्या सरांना चहा आणि बिस्किटांसकट कळलं नव्हतं. पण तिच्या बोलण्यानं मला टोचणी लागली. तोवर मी मनात हसत होते. त्या दिवशी बांधावर बसल्या बसल्या राग आला. नवरा मेला, पार्टी मोडली, वही गेली, आणि तरी माझ्या तोंडातून जे निघेल ते त्यांच्याच खात्यात! मेल्यावर माणसानं निदान आपलं आपण रचावं.

मी सांगायच्या आत, दुसऱ्याच दिवशी, वही सापडली.

गाणं ऐकून कळसच्या त्या शाहिराच्या सुनेनं नातीला फोन केला. शाहीर कधीच वारला होता. "आमच्या मामंजींच्या पेटीत तुमची एक वही हाय. घेऊन जावा, आमाला नगं." नात स्कूटी घेऊन कळसला गेली, आणि तिथून घरी न जाता थेट शेळगावला रानात आली. मी मेथीच्या जुड्या बांधत होते. तिनं वही माझ्यापुढं धरली. 'झाली पहाट' पान पाचवर होतं. चार कडवी. पहिल्यात ज्ञानाची पहाट, दुसऱ्यात समतेची, तिसऱ्यात एकीची. चौथ्यात नुसतीच पहाट, कारण प्रकार संपले होते. शेवटी त्यांचं नाव. माझ्या ओळी कुठंच नाहीत.

"पप्पांना फोटो पाठवला," ती म्हणाली. "ते म्हणतात, आजोबांनी नंतर बदललं असेल. सुधारून."

"सुधारून!"

"आज्जी, माझ्याकडं बघ. कुणी लिहिलंय?"

"मी."

"कधी?"

"तुझ्या कपाटात. खिळं ठोकलेल्या गोधड्यांत."

ती खाली बसली, मेथीवरच. मी तिला उठवलं, जुडी बाजूला काढली आणि परत बसू दिलं.

"तू मला फसवलंस. मी सगळीकडं बोलत फिरतीये, माझ्या घरातले पहिले रॅपर माझे आजोबा. पुढच्या रविवारी बारामतीत एवढा मोठा कार्यक्रम आहे. बॅनर छापून आलाय. त्यावर आजोबांचा फोटो आहे!"

"माजा बी फोटो हाय की घरात. रेशनकार्डावरचा."

"चेष्टा करू नको." थोडा वेळ ती मेथीची पानं तोडत बसली, विकायची पानं. मग म्हणाली, "असं करू. कार्यक्रम होऊ दे. नंतर सांगू सगळ्यांना. हळूहळू."

नंतर. हा शब्द मी चांगला ओळखते. मुलगा वर्षाचा होता तेव्हा मी मालकांना म्हणाले होते, मला एक अख्खं गाणं द्या, सुरुवातीपासून शेवटपर्यंत मी म्हणीन, तुम्ही झील धरा. ते म्हणाले, "देतो, नंतर." ते चेष्टेत म्हणाले नव्हते. देणारच होते. बेचाळीस वर्षांत वेळ मिळाला नाही, एवढंच.

मी पोरीला म्हणाले, "बरं." तिला वाटलं मी ऐकलं.

रविवारी दुपारी तीनला कार्यक्रम. सभागृह भरलं होतं. आमच्या समाजाची माणसं होती, कॉलेजची पोरं-पोरी होत्या, पहिल्या रांगेत माझा मुलगा नव्या शर्टात आणि त्याच्या शेजारी पुण्याचे सर. रंगमंचाच्या मागं बॅनर, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, आणि त्यावर मालक, दारापेक्षा मोठे, फेटा बांधून. फेटा त्यांनी जन्मात बांधला नव्हता. कॉम्प्युटरवर बांधला. मला मागं उभं केलं. काळा चष्मा काढू दिला नाही, "लूक" म्हणे. मी नवी इरकल नेसले होते आणि आंधळ्यासारखी दिसत होते.

गाणं सुरू झालं. पोरगी पुढं, मी मागं. जागा तीच, फक्त पुढचं माणूस बदललं. आणि खोटं कशाला बोलू, पोरीनं उभं सभागृह हलवलं. तिचे शब्द तिचे होते. बारामतीत भाड्यानं खोली मागायला गेलं की आडनाव का विचारतात, आणि आडनाव ऐकून खोली अचानक कशी भरते, यावर तिनं असं सुनावलं की पुढची दोन माणसं खुर्चीत सरकून बसली. तिच्या प्रत्येक कडव्याला मी झील दिली, कुठं कमी पडले नाही. मग माझी कडवी तिनं म्हटली आणि पोरींनी शिट्ट्या वाजवल्या. मला शिट्ट्या आवडल्या.

शेवट आला. आमच्या गाण्यांची रीत आहे, शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायचं आणि झीलकऱ्यानं ते नाव मोठ्यानं उचलायचं, म्हणजे गाणं कुणाचं ते वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत कळतं. पोरगी रीत पाळणारी. तिनं शेवटची ओळ रचली होती, 'बोल हे शाहिराचे', आणि त्याच्या पुढं मालकांचं नाव. तिनं ती म्हटली, हात उंच केला आणि माझ्याकडं वळली.

मी तोंड मिटलं.

ढोलकी चालूच. मेलेल्या ढोलकीवाल्याला काय कळणार? पोरीला वाटलं मला ऐकू आलं नाही. तिनं परत ओळ म्हटली, नावासकट, या वेळी माझ्या जवळ येऊन. मी तिच्याकडं बघितलं. चष्म्यामुळं तिला माझे डोळे दिसत नव्हते, पण तोंड दिसत होतं. पहिल्या रांगेतून मुलगा उठला. त्याला वाटलं मला चक्कर आली. तो पाण्याची बाटली घेऊन धावत वर आला. मागून कुणीतरी ओरडलं, "आजींना खुर्ची द्या, खुर्ची!" खुर्ची आली. कुणीतरी लिंबू-पाणी आणायला पळालं.

"आई, बस," मुलगा कुजबुजला. "त्रास होतोय का?"

"व्हतुय. बाजूला सर, पोरगी दिसंना."

तो बाटली धरून तिथंच उभा राहिला. तिसऱ्यांदा पोरीनं ओळ घेतली. 'बोल हे', एवढं म्हणाली. पुढं शाहीर म्हणाली नाही, नावही म्हणाली नाही. तेवढी जागा तिनं मोकळी सोडली. ढोलकी त्या मोकळ्या जागेतून एकटी गेली. परत 'बोल हे', परत मोकळी जागा.

त्या जागेत मी माझं नाव घातलं. उशिरा घातलं, अर्धी मात्रा मागं, कारण आयुष्यभर मला मागूनच यायची सवय. माझं नाव दोन अक्षरी आहे आणि जागा मालकांच्या मापाची, लांब. पुरेना. म्हणून दोनदा म्हणाले. तेव्हा कुठं सम गाठली.

मग पोरीनं झील धरली. माझं नाव उचललं आणि घोळवलं, तीनदा, आणि तेवढ्या वेळात मी मुलाच्या हातातली बाटली घेतली आणि पाणी प्यायले. गार होतं.

लोकांना वाटलं हे सगळं बसवलेलंच आहे. टाळ्या थांबेनात. सरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि मग हळूच खाली बसून वहीत काहीतरी खोडलं. पोरीनं माईक हातात घेऊन सरळ सांगितलं, "कडवी आजोबांची नाहीत, आज्जीची आहेत. मला आठ दिवसांपासून माहीत होतं. मी गप्प बसले होते." एवढंच बोलली. रडली वगैरे नाही. तेवढं माझं तिच्यात आहे.

मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी डोळ्यात थेंब घालायची पाळी त्याची होती. "वर बघ," असं म्हणावंच लागलं त्याला. मी वर बघितलं.

"आबांची ती चार कडवी वाईट नव्हती, आई," तो म्हणाला.

"वाईट कोण म्हनतंय? पहाट जरा जास्त झाली व्हती."

तो हसला आणि थेंब माझ्या गालावर पडला.

बॅनर मी शेळगावला घेऊन आले. एवढं चांगलं कापड टाकून कसं देणार? अंगणात कांद्याच्या ढिगावर अंथरला आहे, फोटो वरच्या बाजूनं. मालक आता रोज पहाट बघतात.

सरांचा लेख आला तेव्हा पोरीनं शेळगावला येऊन तो आपल्या फोनमधून वाचून दाखवला. लेखात त्यांनी गाण्याखाली लिहिलं होतं, 'शब्द: शाहिरांच्या पत्नी'. मी म्हणाले, परत वाच. तिनं परत वाचलं. मग मी तिला तिचं गाणं फोनवर उघडायला लावलं आणि त्याखाली काय लिहिलंय ते विचारलं. तिनं ओठ चावला. तिथं लिहिलं होतं, 'शब्द: माझी लाडकी आज्जी'.

"आज्जी तू म्हनायची," मी म्हणाले. "लोकांची मी आज्जी न्हाय. नाव घाल."

"सरांना फोन करते. आणि हे आत्ता बदलते." तिनं अंगठ्यानं काहीतरी दाबलं, माझं नाव लिहिलं, आडनाव माहेरचं की सासरचं ते विचारलं, मी सांगितलं ते घातलं, आणि फोन माझ्यापुढं धरला. अक्षरं बारीक होती, पण नव्या डोळ्याला दिसली.

"झालं?"

"झालं."

"येवढंच काम व्हतं?"

"एवढंच, आज्जी."